सायकलीचा चातुर्मास

मृग नक्षत्र लागले की आमच्या घरात दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडतात : माळ्यावरच्या छत्र्या खाली येतात आणि माझी सायकल ठेवायची कुठे, यावरचा वाद वर येतो. छत्र्यांचा प्रश्न दहा मिनिटांत सुटतो, कारण तीनपैकी दोन मोडलेल्याच निघतात. सायकलीचा मात्र आषाढीपासून कार्तिकीपर्यंत पुरतो. देवशयनीला विष्णू शेषावर निजतात ते थेट प्रबोधिनीला उठतात. पण त्यांना निजायला अख्खा क्षीरसागर मोकळा आहे. आमच्यापाशी कोथरूडमधला दोन खोल्यांचा फ्लॅट आहे आणि त्यात चार माणसे, आईचा शिसवी देव्हारा आणि एक कधीही न उघडणारा सोफा-कम-बेड आधीपासूनच राहतात.

ही सायकल घरात आली ती डॉक्टरांमुळे. माझ्या रक्तातल्या साखरेचा आकडा सांगण्यापूर्वी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, तेव्हाच मी काय ते समजलो आणि त्या डिसेंबरात एकवीस गिअरची सायकल घेतली. माझी पहिली स्कूटर जेवढ्याला आली होती, त्याहून ही महाग होती, ही गोष्ट मी घरात अजूनही नेमक्या आकड्यांत सांगितलेली नाही. थंडीचे महिने फार सुखात गेले. पहाटे खडकवासल्यापर्यंत जायचे, धरणाच्या भिंतीकडे पाहत कांदाभजी खायची आणि जाताना खर्च झालेली सगळी शक्ती भरून काढून परतायचे, असा माझा नेम होता.

पाऊस आला आणि नेम मोडला. आमच्या सायकल-गटातली तरुण मंडळी पावसातच ताम्हिणीला निघतात, आणि खरा हंगाम हाच असे त्यांचे ठाम मत आहे, हे मला मान्य करायला हवे. माझे मत पहिल्याच सरीत तयार झाले. रस्त्यावर गुलमोहराच्या पाकळ्यांचा लालभडक सडा पडला होता, तो पाहून मला एक कवितेची ओळ सुचत होती, आणि ओळ पुरी होण्याआधीच पुढचे चाक त्या सड्यावरून सरकले. ढोपर फुटले. त्या दिवसापासून सायकलीला चार महिने विश्रांती द्यायचे ठरले. विश्रांतीची गरज खरे तर सायकलीला नव्हती, हे आईने लगेच निदर्शनास आणून दिले.

पहिला विचार अर्थातच पार्किंगचा. सोसायटीच्या सचिवांनी मला शांतपणे समजावले की नियमावलीत दुचाकी म्हणजे स्कूटर आणि मोटारसायकल. सायकल ही ‘सामान’ या सदरात मोडते आणि सामान पार्किंगमध्ये ठेवता येत नाही. तिला दोन चाके आहेत, हा माझा युक्तिवाद त्यांनी ऐकून घेतला आणि सामान वाहून नेण्याच्या ट्रॉलीलाही दोन चाके असतात, असे उत्तर दिले. पुण्यात अशा उत्तरानंतर बोलणे थांबवायचे असते. शिवाय जिन्याखालच्या कोपऱ्यात लहान मुलांच्या सहा-सात सायकली एकमेकींत अडकून पडल्या होत्या. कोणाची घंटा गेलेली, कोणाच्या सीटमधला स्पंज बाहेर आलेला, सगळ्यांचे टायर जमिनीला चिकटून चपटे झालेले. त्यांचे मालक आता अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असतील. ‘आठ दिवसांत न नेल्यास भंगारात देण्यात येतील’ ही सूचना त्यांच्यावर इतकी वर्षे लटकते आहे की सूचनेचा कागदच आधी भंगारात द्यावा लागेल. तो कोपरा पाहून माझा जीव चरकला आणि मी सायकल लिफ्टमध्ये उभी करून वर नेली.

उभी, म्हणजे मागच्या चाकावर. तशी ती लिफ्टमध्ये मावते, पण तिच्यासोबत मी मावायचा असेल तर मला तिच्याशी विवाहसोहळ्यातल्या फोटोसारखे बिलगून उभे राहावे लागते. तिसऱ्या मजल्यावर दार उघडले तेव्हा समोर शेजारच्या काकू होत्या. त्या म्हणाल्या, “असू द्या, मी जिन्यानं जाते.”

मग सायकल ठेवण्याआधीचे संस्कार सुरू झाले. गंज चढायला लोखंड, पाणी आणि प्राणवायू एवढेच लागते, आणि जुलैत पुण्याच्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे असताना यातले काहीच विकत आणावे लागत नाही. सायकलीचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असल्याने त्याला गंज चढत नाही, असे दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितले होते आणि ते खरेही होते; फक्त चेन, स्क्रू आणि फ्रीव्हील पोलादाचे आहेत, हे सांगताना त्याचा हात छातीवर नव्हता. चेन धुवायला रॉकेल मागितले तेव्हा किराणावाल्याने माझ्याकडे मी मोडी लिपीतली चिठ्ठी पुढे केल्यासारखे पाहिले. शेवटी भांडी घासायचे लिक्विड आणि एक जुना दात घासायचा ब्रश घेऊन मी कामाला लागलो. ब्रश जुना नव्हता, हे चिरंजीव रात्री दात घासायला गेले तेव्हा कळले.

धुतलेली चेन पुसून कोरडी केली, कडीकडीवर तेलाचा एकेक थेंब सोडला, वरचे जास्तीचे तेल फडक्याने टिपून घेतले, आणि गिअरच्या वायरींवर ताण राहू नये म्हणून चेन पुढच्या-मागच्या सर्वांत लहान चकत्यांवर आणून ठेवली. टायरमध्ये हवा भरून ठेवावी लागते, कारण हवा गेलेल्या टायरवर महिनोन्महिने भार राहिला की रबराला कडेने भेगा पडतात. आणि एकाच जागी दाब नको म्हणून अधूनमधून चाक थोडे फिरवावेही लागते. दर रविवारी मी ते फिरवतो. “एवढ्या नेमानं तू कधी तुळशीला पाणी घातलं नाहीस,” असे आई म्हणते, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

जागेचा शोध मात्र चालूच राहिला. आमच्याकडच्या बिल्डरांनी स्वयंपाकघरामागच्या चिंचोळ्या गॅलरीला ‘ड्राय बाल्कनी’ असे नाव दिले आहे, आणि घरातली सर्वांत ओली जागा तीच असते. तिथे धुलाई यंत्राचे पाणी खालून, पावसाचे बाजूने आणि वरच्या मजल्यावरच्या कुंड्यांचे वरून येते. पुढच्या गॅलरीत पाऊस तिरका येतो आणि कबुतरे सरळ येतात. दोन दिवसांत त्यांनी सीटवर जो काही अभिप्राय नोंदवला, तो काढायला मला अर्धा तास लागला. माळ्याची खोली दोन फूट. सायकलीची लांबी साडेपाच फुटांच्या वर. पुढचे चाक काढून, हँडल वळवून आणि मुलाला स्टुलावर चढवून आम्ही प्रयत्न केला. सायकल अर्धी आत गेली आणि अर्धी बाहेर राहिली, आणि खालून पाहणाऱ्याला ती घरात पळून येताना अडकली आहे की घरातून पळून जाताना, हे सांगणे कठीण होते. शयनगृहात ती एकच रात्र राहिली. पहाटे तीन वाजता उठलेल्या माणसाची नडगी आणि धातूचे पेडल यांची भेट झाली की जो आवाज होतो, तो त्या रात्री दोनदा झाला. पहिल्यांदा माझा, नंतर सौभाग्यवतींचा. दुसऱ्या आवाजाने निर्णय झाला आणि सायकल हॉलमध्ये, सोफ्यामागच्या भिंतीला टेकली.

अशा वेळी मला वडिलांची सायकल आठवते. चोवीस इंची, काळी, चेनवर पत्र्याचे झाकण असलेली. पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात होते तेव्हाची गोष्ट. खडकीच्या कारखान्यात जाणारे हजारो कामगार सायकलीवरून जात आणि वडील त्यांतले एक. त्या सायकलीला हंगाम नव्हता. पावसाळ्यात सीटवर दुधाची रिकामी पिशवी उलटी घालून दोरीने बांधायची, एवढाच तिचा बंदोबस्त असे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा ती नारायण पेठेतल्या वाड्याच्या चौकात होती. पाणी ओसरल्यावर चिखलातून आधी तिची घंटा दिसली, मग खाली सायकल सापडली. वडिलांनी ती नळाखाली धुतली, तेल घातले आणि पुढे पंधरा वर्षे चालवली. पानशेत पचवलेल्या सायकलीच्या मालकाचा मुलगा श्रावणसरींना भिऊन चेनला फडक्याने टिपत बसतो, हे पाहायला वडील नाहीत, हे एका परीने बरेच आहे.

सायकल झाकायला प्लास्टिक वापरू नये, आत दमट हवा कोंडते, म्हणून मी सुती चादर पांघरली. चादर पांढरी होती. दुसऱ्या दिवशी भिशीची वर्गणी न्यायला आलेल्या काकू हॉलमध्ये पाऊल टाकताच थबकल्या, त्यांनी आवाज उतरवला आणि आईला विचारले, “केव्हा झालं?” त्याच संध्याकाळी आईने फुलाफुलांची चादर काढून दिली. पेपरचे बिल घ्यायला येणारा मुलगा दारातून बराच वेळ पाहत होता. त्याची स्वतःची सायकल खाली पावसात उभी होती, कॅरिअरवर निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पेपरांचा गठ्ठा घेऊन. “काका, तिला काय झालंय?” त्याने विचारले. “विश्रांती घेते आहे,” मी म्हणालो. त्याने मान हलवली, सुटे पैसे मोजून दिले आणि जिना उतरून गेला. पुढच्या महिन्यापासून मी बिल ऑनलाइन भरू लागलो.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मुठेला पाणी सोडले, भिडे पूल नेहमीप्रमाणे पाण्याखाली गेला, आणि आमच्या घरातले कपडे वाळायचे थांबले. एका सकाळी चादर घडी करून बाजूला ठेवलेली दिसली आणि हँडलवर चिरंजीवांचे मोजे दिसले. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी आडव्या दांडीवर टॉवेल आला, सीटवर आईचा ब्लाउज आला, आणि आठवडाभरात ब्रेकच्या दोन्ही मुठींना रुमाल चिमट्यांसकट लागले. वर पंखा चालू केला की चार तासांत सगळे खडखडीत वाळत असे. एकच अपघात झाला : पांढऱ्या सलवारीची एक बाजू चेनला टेकली आणि तिच्यावर कड्यांची जी काळी नक्षी उमटली, ती अजून गेलेली नाही. त्यानंतर सौभाग्यवतींनी चेनवर वर्तमानपत्राची घडी खोचली आणि कोणत्या दांडीवर काय वाळत घालायचे, हे सर्वांना सांगून टाकले. रविवारी चाक फिरवायचे तर मला आधी कपडे वाळले आहेत का, हे विचारावे लागे.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांबरोबर सायकलीचीही पूजा झाली. हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढच्या चाकाखाली लिंबू, सगळे रीतसर. आकाश चार दिवस निरभ्र होते. मी टायरमधली हवा तपासली, ब्रेक दाबून पाहिले आणि उद्या दसऱ्याचे सीमोल्लंघन थेट खडकवासल्याला, अशी घोषणा केली.

स्वयंपाकघरात कोणीच काही बोलले नाही. मग सौभाग्यवती हात पुसत बाहेर आल्या, हँडलवरच्या झेंडूच्या माळेशेजारी एक ओला टॉवेल नीट ताणून घातला आणि म्हणाल्या, “अहो, परतीचा पाऊस अजून व्हायचाय. दिवाळीपर्यंत राहू द्या ना तिला.”