नोराच्या पर्समध्ये किती पैसे होते?

गेला आठवडाभर आमच्या इंदूरच्या फॅमिली ग्रुपवर भांडण चालू आहे आणि मी इथे हॅम्बुर्गला सकाळच्या ट्रेनमध्ये एका हाताने दांडी धरून ते वाचत उभी असते. झालं असं की माझ्या मामेबहिणीने गणपतीसाठी एकांकिका लिहिली. त्यात पस्तिशीतली एक बाई घर सोडून जाते, नवरा मारत वगैरे नाही, दारूही पीत नाही, तिला फक्त पुरे झालेलं असतं. मंडळातल्या मोठ्या माणसांनी वाचलं, कौतुक केलं आणि मग म्हणाले, बेटा शेवट बदल, सणाचे दिवस आहेत, शेवटी तिला परत येऊ दे. झालं, ग्रुपवर दोन पार्ट्या. मामा म्हणतात मंडळाचं बरोबर आहे, वहिनी म्हणते सीरियलमध्ये रोज सुनेच्या चहात काहीतरी कालवतात तेव्हा सणवार आठवत नाहीत का, आणि दोन भाचे नुसते अंगठे दाखवतात.

आता मी परदेशात राहते म्हणजे मी कुठल्या बाजूला असणार हे सगळ्यांनी आधीच ठरवलेलं. तुमच्याकडे चालतं गं सगळं, असं मामांनी लिहिलंसुद्धा.

तर मामा, ऐका. इब्सेन नावाच्या नॉर्वेच्या नाटककाराने १८७९ साली नोरा नावाची बाई रंगमंचावर आणली, जी शेवटी नवरा आणि मुलं सोडून दार आपटून निघून जाते. दुसऱ्याच वर्षी ते नाटक जर्मनीत आलं, म्हणजे मी राहते त्याच देशात, आणि नोराचं काम करणारी नटी अडून बसली की मी माझ्या मुलांना टाकून कधीच गेले नसते, शेवट बदला. आणि बदलला! इब्सेनने स्वतःच, नाइलाजाने, दुसरा शेवट लिहून दिला. त्यात नवरा नोराला मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतो, मुलं झोपलेली असतात आणि ती तिथेच मटकन बसते. गेली नाही. इब्सेन त्या शेवटाला रानटीपणा म्हणायचा, पण दुसऱ्या कुणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच केलेली बरी असा त्याचा हिशेब होता. म्हणजे आपल्या मंडळाने जे आज केलं ते जर्मनीने १८८० मध्येच करून ठेवलंय, आपण काही मागासलेले वगैरे नाही, फक्त थोडे लेट.

आणि ‘तुमच्याकडे चालतं’ म्हणाल तर इथे ‘राबेनमुटर’ असा एक शब्द आहे. शब्दशः डोमकावळी आई, म्हणजे पिल्लांना सोडून भटकणारी. एक वर्ष झालं की मुलाला पाळणाघरात जागा मिळायचा इथे २०१३ पासून कायद्याने हक्क आहे, तरी मी चौदा महिन्यांच्या लेकीला ठेवून कामावर गेले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाईंनी गोड हसून विचारलं, इतक्या लवकर? इंदूरला हेच, फक्त ‘आजी नाहीये का गं तिथे’ अशा शब्दांत विचारलं असतं.

इथल्या टीव्हीवर रविवारी रात्री सव्वाआठला ‘टाटओर्ट’ लागतं, १९७० पासून चालू असलेली पोलिसी मालिका. त्यात बाई इन्स्पेक्टर हुशार असते, गाडी जोरात चालवते, पुरुषांना दमात घेते. सुरुवातीला मी फार खूश होते. मग लक्षात आलं की अशी बाई बहुतेक वेळा रात्री रिकाम्या फ्लॅटवर येते, फ्रीजमध्ये एक वाळकं लिंबू, लग्न मोडलेलं, मुलगी फोन उचलत नाही. आपल्या सीरियलमध्ये डोकं चालवणारी बाई म्हणजे व्हिलन, मोठी टिकली, तीनदा तोंडावर झूम आणि मागे ढँटढँट, इथे डोकं चालवणारी बाई म्हणजे एकटी. बिल दोन्हीकडे तिच्याच नावावर फाटतं. मला विचाराल तर इथलं जास्त चलाख आहे कारण ते पुढारलेलं दिसतं.

पण भांडणात खरा मुद्दा काढला तो आत्याने. आत्या बत्तीस वर्षं बँकेत कॅशियर होती, रामबागेतलं घर तिच्या कर्जावर उभं राहिलं, आणि आमच्या घरात तिची आठवण निघते ती गुळपोळीवरून. तिने चार दिवस काही लिहिलं नाही, मग एकच ओळ आली: ती घर सोडते ते ठीक, पण तिच्याजवळ पैसे किती आहेत?

मी ट्रेनमध्येच हसले, कारण नोराची सगळी गोष्ट मुळात कर्जाची आहे! तेव्हा बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय कर्ज मिळत नव्हतं, म्हणून ती आजारी नवऱ्यासाठी बापाची खोटी सही करून पैसे उचलते, गुपचूप काम करकरून हप्ते फेडते, आणि नवरा नेमका बँकेचा मॅनेजर होणार असतो. पण चर्चा कसली होते, तर दार आपटल्याची. आणि हे काही फक्त दीडशे वर्षांपूर्वीचं नाही, पश्चिम जर्मनीत १९५० च्या दशकातही लग्न झालेल्या बाईला नवऱ्याला विचारल्याशिवाय बँकेत खातंसुद्धा काढता येत नव्हतं. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, मग तिथे कॅशियर कोण होतं?

आपल्या मराठीत हे लिहिलंच गेलं नाही असंही नाही. विभावरी शिरूरकर नावाने मालतीबाई बेडेकरांनी १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहिलं, त्यात शिकून नोकरी करणाऱ्या मुली आहेत, पगार घरात लागतो म्हणून ज्यांच्या लग्नाची घरच्यांना घाई नाही अशा. केवढं वादळ झालं त्यावर, नाव लपवूनच लिहावं लागलं.

आणि आपल्याच गावातलं बघा ना. अहिल्याबाई म्हटलं की पांढरं लुगडं, हातावर शिवाची पिंड, मिटल्यासारखे डोळे. पिंड खोटी नाही, हुकूमही त्या शंकराच्या नावाने काढायच्या. पण १७६५ मध्ये मल्हाररावांनी सुनेला लिहिलेलं पत्र आहे, त्यात ग्वाल्हेरला जा, मोठा तोफखाना जवळ ठेव, दारूगोळ्याचा बंदोबस्त कर असं चाललंय. अकरा वर्षांपूर्वी विधवा झालेल्या सुनेला सासरा हे लिहितो! ही सासू-सुनेच्या गोष्टींपेक्षा किती मजेदार सून-सासऱ्याची जोडी आहे, पण सीरियलवाल्यांना अश्रूच हवे असतात, त्यांना दारूगोळा कोण सांगणार.

मामेबहिणीने आत्याचं ऐकून नवा सीन घातलाय, बाई डब्यातले पैसे मोजते. दोन हजार तीनशे. मंडळाचं उत्तर अजून आलेलं नाही. आत्याचं आलंय: एवढ्यात ती देवासला जाईल, चहा पिईल आणि संध्याकाळपर्यंत परत येईल, आकडा वाढव.