'टेन्साइलच्या निम्मी धरा, झालं' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. फटीगवरच्या, म्हणजे वारंवार कमी-जास्त होणाऱ्या ताणाने धातू हळूहळू चिरत तुटण्यावरच्या, माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "फटीगचं गणित कागदावरच ठीक. टेन्साइलच्या निम्मी धरा, शंका वाटली तर आणखी कडक पोलाद घ्या. खरं काय ते टेस्ट बेडवर कळतंच." तीस वर्षं टेस्ट बेडवर (इंजिन चालवून तपासायच्या मंचावर) काढलेल्या माणसाचं हे मत आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

फटीग-मर्यादा (कितीही वेळा झेलला तरी पोलाद तुटत नाही तो ताण) टेन्साइलच्या, म्हणजे एकदाच ओढून तोडायला लागणाऱ्या ताणाच्या, निम्मी धरायचा ठोकताळा मीही वापरतो, पण मऊ पोलादाला. ४०० व्हिकर्सच्या (व्हिकर्स हे हार्डनेसचं, कडकपणाचं माप) पुढे तो दगा देतो. त्या हार्डनेसला ठोकताळ्याने साधारण ६४० मेगापास्कल येतात. आता पृष्ठभागावर दशांश मिलिमीटरचा एकच इन्क्लूजन, म्हणजे पोलादात अडकलेला परका कण, धरा आणि हार्डनेस व कणाचा आकार यांवरून फटीग-मर्यादा सांगणारं मुराकामींचं सूत्र लावा. उत्तर येतं ३४५! पोलाद जितकं कडक, तितका तो कण जास्त छळतो.

राहिला टेस्ट बेड. ३००० आरपीएमला फोर स्ट्रोक इंजिनाचा कनेक्टिंग रॉड १११ तासांत १ कोटी फायरिंग झेलतो. चाचणी कडक आहेच. पण ती बेडवरच्या चार-सहा रॉडांची. नेमक्या ताणाच्या जागी मोठा कण असलेला रॉड हजारांत एखादा. तो तुमच्या बेडवर येणार कसा? म्हणून पॉलिश केलेल्या नमुन्यांवर, मायक्रोस्कोपखाली, ठरावीक क्षेत्रातला सर्वांत मोठा कण मोजत जायचं आणि त्यावरून अख्ख्या लॉटमधल्या सर्वांत मोठ्या कणाचा अंदाज बांधायचा. हे काम मला कागदी वाटत नाही.

१९ जुलै १९८९ला अमेरिकेत सू सिटीला कोसळलेलं डीसी-१० आठवा. शेपटीतल्या इंजिनाची टायटॅनियमची फॅन डिस्क (पंख्याची पाती धरणारी चकती) १५ हजारांवर उड्डाणं करून मग फुटली. धातू वितळवतानाच राहून गेलेल्या एका कठीण दोषापासून चीर वाढत गेली होती. ११२ माणसं गेली. डिझाइन चाचण्यांतून पार पडलेलंच होतं. दोष त्या एका डिस्कमध्ये होता.

फिलेट रोलिंग, म्हणजे कोपऱ्याची गोलाई (फिलेट) रोलरने दाबून तिथे दाबाचा ताण बसवणं, हिशोबात धरायला हवं, हा तुमचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. माझ्या टेबलावर ट्रॅक्टरची एक तुटलेली क्रँक असते. तुटल्या जागी शिंपल्यावर असतात तशा कमानी, एकीत एक, आणि शेवटी बोटभर खरखरीत पट्टा. रीग्राइंड करणाऱ्याने पिनच्या फिलेटची गोलाई खाऊन टाकली होती. तो कोपरा अजून नखाला लागतो. रोलिंगने तिथे बसवलेला दाबाचा ताणही त्याबरोबर गेला. लेखात मी हा दाब हिशोबातच धरला नव्हता. तो भाग आज दुरुस्त करतोय. रोलिंगआधीच्या आणि नंतरच्या क्रँकच्या बेंडिंग चाचण्यांचे आकडे तुमच्याकडे असतील तर जरूर पाठवा.