कॉलम बदलला, पण नळ्या?

एका लेखात म्हटलंय की जुन्या एचपीएलसीवर (द्रवाच्या प्रवाहात मिश्रणातले घटक वेगळे करणारं उपकरण) नुसता कोअर-शेल कॉलम (भरीव गाभा आणि सच्छिद्र कवचाच्या कणांनी भरलेलं नळकांडं) लावला की काम झालं. अर्धंच खरं आहे. २.७ मायक्रॉनच्या कणात १.७ मायक्रॉनचा गाभा भरीव आणि भोवती अर्ध्या मायक्रॉनचं सच्छिद्र कवच. म्हणजे आकारमानाचा तीन-चतुर्थांश भाग अजूनही कामाचा. दाब २ मायक्रॉनखालच्या कणांपेक्षा बराच कमी, हे मान्य.

पण ५० × २.१ मिमी कॉलमचं मोकळं आकारमान जेमतेम ९० मायक्रोलिटर. त्याला ०.१७ मिमी आतल्या व्यासाची ५० सेंमी नळी जोडली तर तीच ११ मायक्रोलिटर खाते, ०.१२ मिमीची घेतली तर साडेपाच. त्यात डिटेक्टरचा, म्हणजे बाहेर पडणारे घटक टिपणाऱ्या भागाचा, जुना १० मायक्रोलिटरचा सेल! सुरुवातीला येणारे पीक (आलेखावरचे घटकांचे उंचवटे) सगळ्यात आधी पसरतात आणि दोष कॉलमवर येतो. नळी बदलता येत नसेल तर सरळ ४.६ मिमीचा कॉलम घ्या. फेरुल (नळीच्या जोडावरचं कडं) नीट टेकलंय ना, तेही बघा. केसभर फट राहिली तरी पीकला शेपूट येतं.

आणि डेटा रेट, म्हणजे डिटेक्टर सेकंदाला किती नोंदी घेतो तो आकडा, वाढवा. दोन सेकंदांचा पीक ५ हर्ट्झवर दहाच बिंदूंत मावतो, निदान २० हर्ट्झ हवेत.