‘आपण इथे राहत नाही’

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या रणकंदन चालू आहे. विषय आतला रस्ता आणि पार्किंग. कमिटी म्हणते जुनं डांबर उखडून पावसाच्या आत ट्रिमिक्स (व्हॅक्यूमने जादा पाणी ओढून घेतलेलं काँक्रीट) करून घेऊ, अर्धे लोक म्हणतात प्यायला टँकर मागवतोय आणि तुम्ही पाणी रस्त्यावर ओतणार का, उरलेले पेव्हर ब्लॉकवाले. मी फक्त एवढंच लिहिलं की काँक्रीट टणक होईपर्यंत ओलं ठेवावं लागतं, म्हणजे क्युरिंग, पण ओल धरून ठेवणारं क्युरिंग कंपाउंड वर मारलं तर पाणी बरंच वाचतं आणि काँक्रीट भर दुपारी ओतू नका, संध्याकाळी घ्या. त्यावर बी विंगमधल्या एका काकांचं उत्तर आलं, "आपण इथे राहत नाही, तेव्हा तिथून सल्ले देऊ नयेत. अमेरिका वेगळी, पुणे वेगळं." खाली अंगठ्यांची रांग.

वेगळं म्हणजे किती वेगळं हो? मी अमेरिकेत ॲरिझोनात, फिनिक्सच्या शेजारी चँडलरला राहतो. 2023 मध्ये फिनिक्सला सलग 31 दिवस पारा 43 च्या वर होता, त्यामुळे 40 झालं की "यंदा कहर आहे" म्हणणाऱ्यांनी मला उन्हाचं सांगू नये. दुपारी इथलं डांबर इतकं तापतं की त्यावर पडलेली माणसं भाजून हॉस्पिटलात जातात. आणि मान्सून म्हणाल तर तोही आहे, 15 जून ते 30 सप्टेंबर, ठरलेल्या तारखा. (पाऊस किती पडतो ते विचारू नका.)

तरी आमच्या अपार्टमेंट कम्युनिटीचं पार्किंग धड आहे. का, तर फुटायची वाट बघत नाहीत. दारावर नोटीस, पोर्टलवर नोटीस, अमुक दिवशी बिल्डिंग 4 ते 7, सकाळी सातच्या आत गाडी हलवा नाहीतर टो. मग ब्लोअरने धूळ उडवतात, आधी भेगा भरतात आणि मग सीलकोट, म्हणजे डांबरावर संरक्षणाचा पातळ थर. जमीन फार तापलेली असेल तर आधी पाण्याचा हलका फवारा मारतात, नाहीतर कोट वरून वाळतो आणि खाली ओलाच राहतो. दोन दिवस दोऱ्या बांधलेल्या, त्यानंतर पट्टे, फायर लेनचा लाल रंग, संपला विषय. मीटिंग नाही, तीन कोटेशन नाहीत, "माझ्या दारासमोर उतार का नाही" नाही.

डांबर उन्हात मऊ होतं ते सगळ्यांना दिसतं. पुण्यात आमच्या सोसायटीत प्रत्येक बाईकवाल्याचा साईड स्टँडखाली ठेवायला फरशीचा एक तुकडा असायचा, आणि तो कोणी ढापला की भांडण. पण खरी वाट लागते ती वर्षानुवर्षांच्या उन्हाने, त्यातला चिकटपणा जातो, काळ्याचं करडं होतं, कडक होऊन बारीक भेगा पडतात, त्या भेगेतून पाणी खडीखाली जातं आणि मग खड्डा. भेग असताना भरली तर किरकोळ खर्च, खड्डा झाला की लाखांची कोटेशनं. आमच्या डांबराला टाकल्यापासून कोणी हात लावलेला नाही. उपविधींमध्ये दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा पैसा) 0.25 टक्के असं लिहिलेलं आहे, पण तो विषय काढला की वार्षिक सभेत लगेच चहा येतो. आणि कोणीतरी हमखास पुण्यातल्या, वर्षानुवर्षं खड्डे न पडल्याबद्दल गाजलेल्या जंगली महाराज रस्त्याचं नाव घेतो. अहो, तो सत्तरच्या दशकातला रस्ता आहे, त्याच्यावर अजून किती वर्षं मिरवायचं?

पेव्हर ब्लॉक वाईट नाहीत, पाईप फुटला की उचलून परत बसवता येतात. पण खालची वाळू वाहून गेली की हलायला लागतात, ते कोटेशनमध्ये कोणी लिहीत नाही.

ट्रिमिक्सचं तर कॉन्ट्रॅक्टरने ठोकून दिलंय की व्हॅक्यूमने पाणी ओढतो म्हणून नंतर पाणी मारायची गरज नाही. साफ चूक. ओढतात ते जादाचं पाणी, क्युरिंग लागतंच. मागच्या मे मध्ये मी आलो होतो तेव्हा ए विंगच्या मागचा पट्टा नुकताच झाला होता. वॉचमनकाका सकाळी एकदा पाईप धरायचे, अकरापर्यंत गोणपाट कडकडीत, कोपरे वर वळलेले, आणि त्यांच्या खालीच केसासारख्या भेगा. मी बोटाने दाखवल्या तर सेक्रेटरी म्हणाले, "सिमेंटला असतंच तसं."

आता खरं सांगायचं तर चँडलरला मला सल्ले देऊ नका असंही कोणी म्हणत नाही. आमच्या जिन्यापाशी पाणी साचतं, मी लीझिंग ऑफिसला फोटोसकट ईमेल केला, उत्तर आलं की तुमच्या फीडबॅकबद्दल आभार. पाणी अजून साचतंय. मी इथे भाडेकरू, पटत नसेल तर लीझ संपल्यावर जावं. बी विंगच्या काकांना निदान माझा राग तरी येतो, आणि त्यांनी मला चड्डीत असल्यापासून पाहिलंय, त्या डांबरावर सायकलवरून पडलो तेव्हा हळद लावायला त्यांच्याच घरी नेलं होतं. गणपतीच्या मांडवाच्या बांबूंची भोकंही त्यात तशीच आहेत, दरवर्षी पोरं तीच शोधून काढतात. ट्रिमिक्स झालं की मांडव कुठे रोवणार हे कमिटीने विचारलंय का, कोण जाणे.

नॉन ऑक्युपन्सी चार्जेस मी वेळेवर भरतो. शेअर सर्टिफिकेटवर बाबांच्या नंतर माझं नाव आहे. राहत नाही हे मला माहीत आहे, ते पैसे त्याचेच आहेत, पण त्यात गप्प बसणं धरलेलं नाही.

विशेष सभा रविवारी साडेदहाला आहे, म्हणजे माझे शनिवारी रात्रीचे दहा. प्रॉक्सी चालत नाही, व्हिडिओची लिंक मागितली आहे, चेअरमननी वाचून ठेवलंय, उत्तर नाही. लिंक आली तर जॉइंट कटिंग (काँक्रीट वेडंवाकडं तडकू नये म्हणून त्यात घ्यायचे सरळ काप) किती तासांत करणार आणि पाणी किती दिवस मारणार एवढं कोटेशनमध्ये लिहून घ्या म्हणणार आहे. नाही आली तर तेच पत्राने पाठवतो, काकांना सीसी करून.