पाइनवुड डर्बी: टेबलावर तपासता येत नाही तो नियम लिहूच नका

जानेवारी ते मार्च हा अमेरिकेत पाइनवुड डर्बीचा मोसम, म्हणजे लाकडी ठोकळ्यातून बनवलेल्या छोट्या गाड्या उतरत्या ट्रॅकवर सोडून लावलेल्या शर्यतीचा. न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत ज्या मराठी घरांतली मुलं कब स्काउटमध्ये (लहान मुलांच्या स्काउट गटात) आहेत, तिथे डायनिंग टेबलावर लाकडाचा भुसा पडलेला असतो. शर्यत झाली की पालकांच्या ग्रुपवर दरवर्षीचाच वाद सुरू होतो: "ती गाडी पोरानं नाही, बापानं बनवली." माझं मत थोडं वेगळं आहे. चलाख बापांपेक्षा जास्त अन्याय ढिसाळ नियमांमुळे होतो.

आधी बापाचंच बघू. डॉन मर्फी या कबमास्टरने, म्हणजे कब स्काउटच्या तुकडीप्रमुखाने, 1953 साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला ही शर्यत सुरू केली, कारण त्याचा मुलगा सोप बॉक्स डर्बीसाठी (मुलं स्वतः बसून उतारावरून पळवतात त्या बिनइंजिनाच्या गाड्यांच्या शर्यतीसाठी) लहान होता. मोठ्याने आणि मुलाने मिळून काहीतरी बनवावं हाच मूळ हेतू. शिवाय कब वयाच्या मुलांना पॉवर सॉ चालवायला स्काउटिंगच्या सुरक्षा नियमांतच मनाई आहे, म्हणजे ठोकळा कापायला मोठा माणूस लागणारच. मग "गाडी फक्त मुलानेच बनवलेली असावी" या नियमाला अर्थ काय? तो तपासणार कसा? सात वर्षांच्या पोराची उलटतपासणी घेऊन?

त्यापेक्षा दोन गोष्टी करा. एका शनिवारी पॅकची, म्हणजे स्थानिक कब तुकडीची, कार्यशाळा ठेवा, करवतीवर अनुभवी माणूस बसवा आणि ज्यांच्या घरी हत्यारं नाहीत त्यांचे ठोकळे तिथेच कापून द्या. आणि पालकांसाठी वेगळा खुला गट ठेवा. ज्यांचे हात शिवशिवतात त्यांना आपल्या नावावर पळू द्या. निम्मी कुरकुर तिथेच संपते.

आता मापं. किटमध्ये सात इंचांचा पाइनचा ठोकळा, चार प्लॅस्टिकची चाकं आणि आस म्हणून चार खिळे मिळतात. रूढ मर्यादा अशा: वजन 5 औंस, लांबी 7 इंच, रुंदी 2¾ इंच, पोटाखाली ⅜ इंच मोकळी जागा. फूटपट्टीने मोजत बसू नका. आतून 7 बाय 2¾ इंचांची प्लायवूडची चौकट बनवा आणि मध्यभागी 1¾ इंच रुंद, ⅜ इंच जाडीची पट्टी ठोका. गाडी चौकटीत बसली आणि तिचं पोट पट्टीवर न अडकता चाकं खाली टेकली, की पास. चर्चा नाही.

वजनात खरी गंमत आहे. एकच दशांश दाखवणारा काटा 5.04 औंसालाही 5.0 म्हणतो, आणि घरचा स्वयंपाकघरातला काटा तिसरंच काहीतरी सांगतो. म्हणून नियमात स्पष्ट लिहा: पॅकचा काटा अंतिम, आणि त्यावर 5.0 दिसलं तर चालेल. काटा सर्वांसमोर तपासायचा असेल तर अमेरिकन निकेल, म्हणजे पाच सेंटचं नाणं, बरोबर 5 ग्रॅमचं असतं. 28 नवी नाणी ठेवली की 140 ग्रॅम, म्हणजे 4.94 औंस, एक दशांशाच्या काट्यावर 4.9 दिसायला हवेत. टेबलाशेजारी ड्रिल, गोंद आणि टंगस्टन पुट्टी ठेवा. जड गाडी पोखरता येते, हलकीत भर घालता येते. कुठल्याही पोराला वजनावरून घरी पाठवू नका.

टंगस्टनवर बंदी घालावी का? नको. ते शिशापेक्षा जवळजवळ पावणेदोन पट घन असतं, त्यामुळे थोड्या जागेत मागच्या आसाजवळ वजन बसतं. उतारावर ते वजन जास्त उंचीवरून खाली येतं, म्हणून गाडी पळते. फायदा खरा आहे. पण रंगाखाली काय भरलंय हे कोण बघणार? पॅकनेच घाऊक आणून सगळ्यांना सारखं द्यावं. पॅकला तो खर्च झेपत नसेल तर त्याने तक्रारही करू नये.

खिळे घासण्याबद्दल तर उगाच कुजबुज असते. खिळ्याच्या डोक्याखाली साच्याची कड उरते, तिथे चाक अडखळतं. ती कानशीने काढायची, मग 400, 600, 1000 नंबरचा पॉलिशपेपर आणि शेवटी कोरडं ग्रॅफाइट. ही लबाडी नाही, शिकण्यासारखी कला आहे. सगळ्यांना शिकवा. तेल मात्र नको, ते ट्रॅकवर सांडतं आणि दुसऱ्यांच्या गाड्यांना भोवतं. लेथवर कातून हलकी केलेली चाकं हा खरा घोळ, कारण त्यांना गती द्यायला कमी ऊर्जा लागते. ती पकडता येतात: किटच्या चाकावरच्या साच्याच्या खुणा दिसायलाच हव्यात. तीन चाकांवर पळणारी गाडी चालेल की नाही, हेही आधीच ठरवा. सपाट काचेवर चाकाखालून कागद सरकवला की लगेच कळतं.

तरी सगळ्यात मोठा अन्याय ट्रॅकवर होतो, आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं. चार लेन कधीच सारख्या नसतात, एखाद्या सांध्यावर गाडी हमखास उडी मारते. शेवटी गाडी सेकंदाला पंधरा-सोळा फूट धावत असते, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे जेमतेम दोन इंच. अशा वेळी बाद पद्धत लावली तर वाईट लेन मिळालेलं पोर दहा मिनिटांत प्रेक्षक होतं. प्रत्येक गाडी प्रत्येक लेनवर एकदा पळवा आणि चारही वेळांची सरासरी घ्या. वीस गाड्यांना वीसच फेऱ्या लागतात, तासाभरात आटोपतं.

लबाडी होते हे मान्य. 1973 साली अ‍ॅक्रनच्या सोप बॉक्स डर्बीत विजेत्या गाडीच्या नाकात इलेक्ट्रोमॅग्नेट निघाला होता. सुरुवातीचं लोखंडी फाटक खाली पडताना तो गाडीला पुढे खेचत होता, आणि त्यामागे घरातलाच मोठा माणूस होता. पण तो पकडला गेला, कारण गाडी तपासता येत होती.

नियम किटसोबतच हातात द्या, शर्यतीच्या आठवड्यात ईमेलने नको. डिस्ट्रिक्टचे (पुढच्या, अनेक पॅकांच्या शर्यतीचे) नियम वेगळे असतील तर तेही त्याच कागदावर छापा, नाहीतर पॅकमधला विजेता पुढे जाऊन बाद ठरतो. तपासणी झाली की गाड्या पॅकच्या ताब्यात राहाव्यात, त्यानंतर ग्रॅफाइटसुद्धा नाही. चाक निखळलं तर दुरुस्तीला पाच मिनिटं. ट्रॅकवरच्या स्वयंसेवकाच्या हातून गाडी पडली तर फेरी पुन्हा. आणि हरकत घ्यायची तर ती पुढची फेरी सुटण्याआधी, कबमास्टरकडे, पोरांसमोर नाही.