भाव वाढला की देऊ

शेअर बाजार पडला तर निदान टीव्हीवर लाल अक्षरं तरी धावतात. रद्दीचा भाव पडला तर तो फक्त रद्दीवाल्याला कळतो, आणि तोही नेमका आपण गठ्ठे बांधून दारात आणून ठेवल्यावर.

"काका, भाव उतरलाय."

इतकी वर्षं हे एकच वाक्य ऐकतोय. इतका उतरून उतरून एव्हाना जमिनीखाली पाण्याला लागायला हवा होता, पण नाही, अजून उतरायला जागा आहेच.

बरं, आमच्या घरात रद्दी देणं हे काम नाहीये, ती गुंतवणूक आहे. बाबा रिटायर झाल्यापासून हे खातं त्यांच्याकडे. तत्त्व एकच, भाव वाढल्याशिवाय माल सोडायचा नाही. मग दिवाण भरला, दिवाण भरला म्हणून कपाटावर चढली, तिथून बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे गेली, आणि बायको म्हणाली "आता माझ्या डोक्यावर ठेवा म्हणजे झालं", तर बाबा शांतपणे म्हणाले, पावसाळा जाऊ दे, पावसात भाव पाडतात.

वैताग असा की बाबा चुकीचं बोलत नाहीत. पावसात कागद ओल धरतो, मिलवाले ओलाव्याचं वजन कापून पैसे देतात, मिलने गोडाऊनवाल्याचं कापलं की गोडाऊनवाला रद्दीवाल्याचं कापतो आणि रद्दीवाला आमचं, आमच्या खाली कापायला कोणी उरतच नाही. पावसाळा गेला की दिवाळीची साफसफाई, सगळं शहर एकदम रद्दी काढतं, भाव परत खाली. ती गर्दी ओसरते तोवर परीक्षा संपतात आणि वह्यांचा पूर येतो. मग द्यायची कधी? तर म्हणे, टायमिंग महत्त्वाचं असतं.

ही श्रद्धा बसली २०२१-२२ मध्ये. लॉकडाऊनमध्ये ऑफिसं बंद, शाळा बंद, अर्ध्या सोसायटीने पेपर बंद केलेला, म्हणजे रद्दी तयारच होईना. त्यात आपण रद्दी बाहेरूनही आणतो. हो, इम्पोर्ट करतो, अमेरिकेतून, युरोपातून, जहाजं भरभरून! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आमच्या बाल्कनीकडे बघून हसावं की रडावं या विचारात पडलो होतो. तर तेव्हा कंटेनर मिळेनात, मिळाले तर भाडं परवडेना, आणि इकडे लोक घरबसल्या मोबाईल कव्हरपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं ऑनलाइन मागवतायत, म्हणजे खोकी पाहिजेत, खोक्यांना तो खाकी क्राफ्ट पेपर पाहिजे, आणि तो बनवणाऱ्या गुजरातेतल्या वापी-मोरबीकडच्या मिलना पुठ्ठ्याची रद्दी पाहिजे. पुठ्ठ्याचा भाव जवळपास डबल झाला. पाठोपाठ युक्रेनचं युद्ध, आणि वर्तमानपत्राचा कागद आपल्याकडे बऱ्यापैकी रशियातून यायचा, मग तोही महाग. आमच्या गल्लीत पेपरची रद्दी वीसच्या वर गेली. रद्दीवाला स्वतः फोन करायचा, "काका, आहे का काही?" बाबा फोन स्पीकरवर टाकायचे, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. आम्ही हातापाया पडलो, द्या आता. बाबा म्हणाले, तीस होऊ दे.

नाही झाले तीस.

त्यानंतर रद्दीवाल्याची कारणं पुन्हा सुरू झाली. मागे एकदा त्याने मला सांगितलं होतं, "चायनाने माल घ्यायचं बंद केलं ना साहेब." मला वाटलं काहीही फेकतोय, माझ्या दिवाणाखालच्या पेपरशी चीनचा काय संबंध. नेटवर बघितलं तर खरंच! २०१८ पासून चीनने न निवडलेली मिक्स रद्दी घेणं थांबवलं, बाकीच्या रद्दीतही घाण अर्ध्या टक्क्याच्या वर नको म्हणाले, आणि १ जानेवारी २०२१ पासून तर दारच लावून घेतलं. जगभर ढीग साचले. अमेरिकेत काही गावांना रद्दी उचलून न्यायला वरून पैसे द्यावे लागले. ही शेवटची बातमी मी घरात कोणाला सांगितलेली नाही, आणि तुम्हीही आमच्या रद्दीवाल्याला सांगू नका, प्लीज.

यंदाचं कारण देशी होतं. "खाण्याचं आता पेपरात बांधत नाहीत काका, सरकारचा नियम आहे." नियम आहे, खाण्याचे पदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळायचे नाहीत असं २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमांत आहे. कोपऱ्यावरचा वडापाव मात्र अजून राशिभविष्याच्या पानातच मिळतो.

शेवटी बायकोने अल्टिमेटम दिलं आणि ऐन एप्रिलात सौदा ठरला. पेपर बारा, पुठ्ठा आठ. बाबांनी आधीच घरी वजन करून ठेवलेलं, बॅगा तोलायच्या काट्यावर, नुसता पेपर त्रेचाळीस किलो. रद्दीवाल्याने आपला ताणकाटा काढला, सुतळीत हूक अडकवला, गठ्ठा उचलला, काटा थरथरत असतानाच आकडा बोलला आणि गठ्ठा खाली. बाबा म्हणाले, थांबू दे रे काटा. तो म्हणाला, थांबला की. एकूण एक्केचाळीस.

"दोन किलो कुठे गेले?"

"ओल आहे काका."

एप्रिलात! गच्चीवर पापड तासाभरात वाळतायत आणि आमच्या पेपरला ओल.

तेवढ्यात बाबांना कळलं की समोरच्यांना इंग्रजी पेपरचे चौदा मिळाले. झालं. "इंग्रजीला दोन रुपये जास्त? अरे मराठीला अभिजात दर्जा मिळालाय, २०२४ साली!"

"दर्जाचं माहीत नाही काका. त्यांचा कागद पांढरा असतो, पॅकिंगवाले मागतात."

एवढ्यात बायको बाहेर आली आणि म्हणाली, दोन रुपयांवरून काय त्याला छळताय. तिचंही खरं आहे. भाव पडला की आमचा फार तर एक वडापाव जातो, कचरा वेचणाऱ्या बायकांचा दिवस जातो. पुण्यात त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे ती काय हौस म्हणून नाही. बाबा जरा वरमले. पण जराच.

पेपरचे चारशे ब्याण्णव आणि पाच किलो पुठ्ठ्याचे चाळीस, पाचशे बत्तीस झाले. त्याने पाचशे वीस हातात ठेवले, बारा पुढच्या वेळी. बाबांनी डायरीत "येणे १२" असं लिहून खाली तारीख टाकली. तो गेला, बाल्कनीत पहिल्यांदाच फरशीचा रंग दिसला, बायको खूश. मी दिवाणात सहज चादर ठेवायला गेलो तर आत तीन गठ्ठे.

"बाबा, हे काय?"

"सगळा माल एकाच भावाला काढायचा नसतो रे."