वास आला नाही म्हणून टाकीतली हवा चांगली?

दिवाळीची सुट्टी जवळ आली, की मालवण-तारकर्लीला निघालेल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. स्कूबाच्या, म्हणजे पाण्याखाली श्वास घेण्यासाठी पाठीवर बांधायच्या, टाकीत शुद्ध ऑक्सिजन असतो. उतरण्याआधी एक श्वास घेऊन बघा, वास आला नाही तर हवा चांगली. टाकीत हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर विजेवरचा असेल तर धुराचा प्रश्नच नाही. आणि आठ-दहा मीटर खोलीसाठी एवढी काळजी कशाला? लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण यातलं एकही वाक्य खरं नाही.

ऑक्सिजनचं पटकन सांगतो. टाकीत साधी हवा असते, सुमारे २१ टक्के ऑक्सिजन आणि बाकी बहुतेक नायट्रोजन. शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरच्या खाली घेतला तर फिट येऊ शकते. म्हणजे टाकीत भरली जाते ती कॉम्प्रेसरच्या पाइपच्या तोंडाशी असेल ती हवा, आणि खरी भीती तिथेच आहे.

वासाचा मुद्दा सगळ्यात घातक. जो वायू जीव घेतो त्या कार्बन मोनॉक्साइडला रंग, वास, चव काहीच नसतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. कॉम्प्रेसरच्या फिल्टरमधला कोळसा तेलाची वाफ आणि वास शोषून घेतो, कार्बन मोनॉक्साइडला मात्र अडवत नाही. त्यासाठी हॉपकॅलाइट नावाचा वेगळा थर लागतो आणि ओल लागली की तो निकामी होतो. कोकणातल्या दमट हवेत फिल्टर किती दिवस टिकेल, याचा विचार करा. म्हणजे वास निघून जातो आणि विष तसंच राहतं. तेलकट, जळकट वास आला तर टाकी परत कराच. पण वास न येणं हा कसलाही पुरावा नाही.

विजेवरचा कॉम्प्रेसर? काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये आम्ही किनाऱ्यावरच्या एका शेडमधून टाक्या घेतल्या होत्या. कॉम्प्रेसर विजेवरचाच, हवा ओढणारा पाइप मागच्या माडाला उंच बांधलेला. वीज गेली, समुद्राच्या बाजूला ठेवलेला जनरेटर सुरू झाला. सकाळी मतलई वारा होता, धूर पाण्याकडे जात होता. दुपारी खारा वारा सुटला आणि तोच धूर माडाकडे वळला. दुपारच्या टाक्या वापरलेल्या आम्हा तिघांचं डोकं ठणकायला लागलं, एकाला उलटी झाली. 'बोट लागली' म्हणून आम्ही लिंबू चोखत बसलो. दुसऱ्या दिवशी उरलेल्या टाकीला कार्बन मोनॉक्साइडचा मीटर लावला, आकडा १२ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १२ भाग. श्वासाच्या हवेसाठी युरोपच्या ईएन १२०२१ मानकात मर्यादा ५ आहे, अमेरिकेत चालणाऱ्या ग्रेड ई मानकात १०. आणि बाहेर धूर नसला तरी कॉम्प्रेसर फार तापला, तर आतलं तेल अर्धवट जळून हा वायू तिथेच तयार होतो. मग वीज कुठून आली याला काय अर्थ?

राहिला खोलीचा प्रश्न. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, म्हणून आमच्या टाकीतले १२ तिथे शरीराला २४ सारखे लागतात. ३० मीटरवर ४८. त्यात फसवणूक अशी, की खाली ऑक्सिजनचाही दाब वाढलेला असल्याने तो रक्तात थेट विरघळून काही काळ माणसाला सावरून धरतो. वर येताना तो आधार सुटतो आणि पाण्याच्या अगदी वरच्या थरात शुद्ध हरपू शकते. उथळ डायव्हला धोका कमी असतो, पण नसतोच असं नाही.

म्हणून उतरण्याआधी विचारा: हवेचा शेवटचा तपासणी अहवाल कधीचा? फिल्टर कधी बदलला? कार्बन मोनॉक्साइडचा मीटर आहे का? असला तर टाकीला लावून आकडा बघायला एखाद-दोन मिनिटं लागतात. विचारताना संकोच करू नका. डायव्हला सोबत नेणारा चांगला डाइव्हमास्तर चिडत नाही.

डायव्हनंतर डोकं दुखलं, मळमळलं, सुस्ती आली, तर बोट लागली म्हणून सोडून देऊ नका. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसले तरी विश्वास ठेवू नका, त्याला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त वेगळं ओळखता येत नाही. लगेच मास्कने ऑक्सिजन द्या, दवाखान्यात न्या आणि 'टाकीतली हवा खराब असावी' असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आणि ती टाकी पुन्हा भरू देऊ नका. व्हॉल्व्ह बंद करून बाजूला ठेवा, आत उरलेली हवा तपासता येते.